चवीपुरतं विष

"एवढ्याशानं काय होतंय?"

रोजच्या मराठीतले सर्वात घातक वाक्य कोणते, असे मला कुणी विचारले तर मी हे सांगेन. चहात साखर चमचाभर जास्त पडली की आपण ते म्हणतो. भाजीवर फवारलेले औषध नीट धुतले गेले नसेल तरी म्हणतो. आणि म्हणणाऱ्याला वाटते, आपण अनुभवाचे बोल बोलतो आहोत. वाचकहो, तो अनुभव नसतो. ते एक गणित असते. न मांडलेले, न तपासलेले, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी सोयीचे. आज मला त्या गणिताशी भांडायचे आहे.

निमित्त घडले निर्मलला.

नांदेडला दिलेल्या माझ्या मावसबहिणीच्या नातवाचा अक्षराभ्यास होता, बासरला. गोदाकाठचे हे ज्ञानसरस्वतीचे देऊळ तेलंगणात आहे (२०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता निर्मल जिल्ह्यात आहे), पण नांदेड-धर्माबादकडच्या मराठी घरांना ते परके नाही. मुलाने पहिले अक्षर सरस्वतीपुढे गिरवावे, म्हणजे बुद्धी चांगली होते, ही श्रद्धा. पुजाऱ्याने बोट धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतले, नातू रडला, मग हसला, फोटो झाले. "आता आलोच आहोत तर निर्मल बघून जाऊ" असे ठरले आणि आम्ही भैंशावरून निर्मलला गेलो.

निर्मलची खेळणी ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी जरूर पाहावीत. पोणिकी नावाचे हलके, मऊ लाकूड. ते कोरायचे, चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने सांधे बुजवायचे, आणि वर रंग असा चढवायचा की आंबा हातात घेतला तर देठाचा वास यावा! इथले नकाश कारागीर पिढ्यानपिढ्या हे करत आले आहेत. आम्हा गोमंतकीयांना असे काही पाहिले की सावंतवाडीची चितारआळी आठवते, कुंकळ्ळीचे चितारी आठवतात. मी एक पोपट घेतला. हिरवागार, लालचुटुक चोचीचा. नातवाच्या हातात दिला, आणि तीन वर्षांचे मूल जे करते तेच त्याने केले. चोच तोंडात घातली.

मी पोपट काढून घेतला. मूल भोकाड पसरून रडू लागले. ताई म्हणाली, "असू दे रे, एवढ्याशा रंगानं काय होतंय?" आणि आमचे दाजी, निवृत्त गणित शिक्षक, हसत म्हणाले, "मेहुणे, विष मात्रेत असतं. चवीपुरतं असलं तर काही होत नाही."

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. त्या पोपटात शिसे होते असा माझा दावा नाही. माझे म्हणणे त्याहून साधे आहे. त्या पोपटात काय आहे हे विचारण्याची गरज दुकानात कुणालाच वाटली नाही. आणि ती वाटू नये अशी व्यवस्थाच आपण करून ठेवली आहे.

ती व्यवस्था अशी. रंगात शिसे घालतात ते रंग खुलावा, टिकावा, लवकर वाळावा म्हणून. ते थांबवण्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून रंगात दहा लाख भागांमागे ९० भागांहून जास्त शिसे असू नये असे ठरले. उत्तम! पण हे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांचे. मोटारींचे, कारखान्यांचे रंग त्यांच्या बाहेर राहिले. निर्मलमध्ये जुने वनस्पतींचे नि मातीचे रंग मागे पडून ज्या रंगांनी जागा घेतली, त्यांत 'ड्युको' हे नाव वारंवार येते, आणि ड्युको हा मुळात मोटारीचा रंग.

दुसरी चाळणी खेळण्यांची. २०२० साली खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला, १ जानेवारी २०२१ पासून मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. पण त्याआधीच, डिसेंबर २०२० मध्ये, एक दुरुस्ती आली. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांची आणि जीआय मानांकन असलेली खेळणी त्यातून वगळली गेली. निर्मलच्या खेळण्यांना हे मानांकन आहेच. म्हणजे रंग पहिल्या चाळणीतून सुटू शकतो आणि खेळणे दुसरीतून. मधे उरतो तो तीन वर्षांचा परीक्षक. तो जिभेने परीक्षा करतो!

या सवलतीमागचा हेतू मी समजू शकतो. घरात बसून लाकूड कोरणाऱ्या माणसावर प्रयोगशाळेचा खर्च लादला तर तो कोरणे सोडून देईल. खरे आहे. पण हेतू चांगला असला म्हणून त्यामागचा समज खरा ठरत नाही. आणि समज हा, की जे पारंपरिक ते निरुपद्रवी.

असे असते तर फार बरे झाले असते. पण आपल्या चित्रकारांची जुनी पेटी उघडून पाहा. तिच्यात शेंदूर आहे, सफेदा आहे, हिंगूळ आहे, हरताळ आहे. किती गोड मराठी शब्द! अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचा लाल भस्म. जुना सफेदाही शिशाचाच. हिंगूळ पाऱ्याचा. हरताळ सोमलाच्या घराण्यातला, पिवळाधमक. पोथीत चूक झाली की लेखक त्या अक्षरांवर हरताळ फासत, त्यावरून आपला वाक्प्रचार आला. आजोबांच्या पेटीत तीन जातींची विषे होती आणि आजोबा ऐंशी वर्षे जगले. यावरून ती विषे निरुपद्रवी ठरत नाहीत. आजोबांच्या सहा भावंडांपैकी कुणाचे काय झाले, याची नोंद कुणी ठेवली होती? परंपरा पुष्कळ काही जपते, पण ती मोजत नाही.

आता दाजींच्या 'मात्रे'कडे वळतो. ते गणिताचे शिक्षक, तेव्हा गणितानेच बोलू.

मात्रा हेच विष, हे पॅरासेल्ससने १५३८ मध्ये लिहिले आणि तेव्हापासून जगभरचे कारखानदार ते पाठ म्हणून दाखवतात. वाक्य खोटे नाही, अपुरे आहे. मात्रा वाढली की अपाय वाढतो, हे कबूल. पण मात्रा कमी होत गेली की अपाय कसा कमी होतो? एका ठिकाणी येऊन अचानक शून्य होतो? की हळूहळू, कधीच पूर्ण न संपता?

कागद घ्या. आडव्या रेषेवर मात्रा, उभ्या रेषेवर अपाय. प्रयोगशाळेत उंदरांना भरपूर विष दिलेले असते, म्हणून कागदाच्या उजव्या बाजूला ठिपके असतात. डाव्या खालच्या कोपऱ्यात, जिथे तुमचा-आमचा नातू राहतो, तिथे ठिपकेच नसतात. उजवीकडच्या ठिपक्यांपासून त्या कोपऱ्यापर्यंत रेषा ओढावी लागते आणि ती हातानेच ओढावी लागते. कुणी म्हणतो, अमुक उंबरठ्याखाली अपाय शून्य. कुणी म्हणतो, सरळ शून्यापर्यंत रेषा न्या. कुणी म्हणतो, अल्प मात्रा उलट फायद्याची असते, म्हणून रेषा आधी खाली वळवा. आणि कुणी म्हणतो, नाही हो, सुरुवातीलाच चढ सर्वात उभा आहे. ठिपके तेच, रेषा चार! चारही रेषा त्या ठिपक्यांतून सुरेख जातात. दाजींनी त्यांतली पहिली निवडली होती. कुठल्या आधारावर? सोयीच्या.

"मग त्या कोपऱ्यात प्रयोग करा की!" दाजी म्हणाले. करता येतो, पण त्याचा हिशेब ऐका. पन्नास उंदरांना अल्प मात्रा दिली आणि एकालाही काही झाले नाही. आपण म्हणणार, सुरक्षित. संख्याशास्त्र म्हणते, थांबा. शून्य घटना दिसल्या तर तीनला एकूण संख्येने भागा. तेवढ्या प्रमाणापर्यंतचा धोका अजून नाकारता येत नाही, पंच्याण्णव टक्के खात्रीने बोलायचे तर. तीन भागिले पन्नास म्हणजे सहा टक्के. दहा लाख मुलांत सहा टक्के म्हणजे साठ हजार. पन्नास उंदरांच्या मौनात साठ हजार मुले लपू शकतात! १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात एका सरकारी संस्थेने हे कोडे सोडवायचे म्हणून चोवीस हजारांहून अधिक उंदरांवर एका रसायनाचा प्रयोग केला. शंभरात एकाला अपाय होईल एवढी मात्रा पकडायची होती, त्याखालची नाही, आणि तेवढ्यासाठी ही फौज. निकाल काय? त्याच रसायनाने मूत्राशयात उंबरठ्यासारखी वक्र रेषा दाखवली आणि यकृतात जवळजवळ सरळ. एकाच उंदरात दोन अवयव, दोन रेषा. आणि आपण दुकानात उभे राहून तोंडी हिशेब करतो.

म्हणून 'अपाय दिसला नाही' आणि 'अपाय नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. खाणपट्ट्यातल्या सभांत 'मर्यादेच्या आत' हे शब्द आम्ही गोव्यात पुष्कळ ऐकले आहेत. ही मर्यादा कुणी, कशावरून, कोणत्या रेषेने ठरवली, असा प्रश्न त्या सभांत मी तरी कधी ऐकला नाही.

शिशापुरते बोलायचे तर ते आज कोडे राहिलेले नाही. इथे माणसांच्याच मुलांवर, नकळत, प्रयोग होऊन गेला आहे. ड्युको ज्या ड्युपाँ कंपनीचा, त्याच कंपनीने १९२० च्या दशकात पेट्रोलमध्ये मिसळायचे शिसेही बनवले. ते शिसे विकणाऱ्या कंपनीचे वैद्यकीय सल्लागार रॉबर्ट केहो. त्यांनी चाळीसेक वर्षे एकच सांगितले. शिसे निसर्गातच असते, शरीर ते बाहेर टाकते, रक्तात एका डेसिलिटरला ८० मायक्रोग्रॅमपर्यंत चिंता नको. दाजींचीच रेषा, फक्त पगारी. तिला पहिला मोठा धक्का १९६५ मध्ये दिला क्लेअर पॅटरसन यांनी, ज्यांनी पृथ्वीचे वय मोजले त्यांनीच. ते म्हणाले, तुम्ही ज्याला 'नैसर्गिक' पातळी म्हणता ती फक्त आजकाल सर्वत्र आढळणारी पातळी आहे. सगळेच थोडे थोडे विष खात असतील तर 'सर्वसाधारण' म्हणजे 'निरोगी' नव्हे!

मग १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले, त्यांतले शिसे मोजले आणि ते मुलांच्या बुद्धिमापनाशी ताडून पाहिले. दातात शिसे जास्त, गुण कमी. ही मुले आजारी नव्हती. त्यांना कुणी विषबाधा झालेली म्हटले नसते. नीडलमन यांच्यावर पुढे गैरव्यवहाराचे आरोप झाले, चौकश्या झाल्या, त्यांतून ते सुटले. शिसे सुटले नाही. अमेरिकेत चिंतेची रेषा १९६० च्या दशकातल्या ६० वरून १९७१ मध्ये ४०, १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये साडेतीन अशी उतरत गेली. प्रत्येक पायरीवर कुणीतरी म्हणत होते, "याखाली काही होत नाही." त्या त्या वर्षांच्या मुलांना हे कुणी परत जाऊन सांगणार?

आणि २००५ मध्ये ब्रूस लॅनफिअर आणि सहकाऱ्यांनी चार देश-प्रदेशांतल्या सात अभ्यासांची १३३३ मुले एकत्र करून जी रेषा काढली, तिने तर उंबरठाच उखडला. रक्तातले शिसे अडीचेकवरून १० पर्यंत गेले की बुद्ध्यंक सुमारे चारने घटतो. १० वरून २० झाले की आणखी सुमारे दोन. २० वरून ३० झाले की आणखी एक. नीट पाहा. सर्वात मोठे नुकसान पहिल्या पायरीवर! चवीपुरते जे आहे तेच सर्वात महाग. हे आकडे पुढे इतर संख्याशास्त्रज्ञांनी उलटेसुलटे तपासले, त्यांत काही चुकाही सापडल्या आणि दुरुस्त झाल्या. पण १० च्या खालीही अपाय आहे, हा निष्कर्ष हलला नाही.

"चार गुणांनी काय होतंय?" हे ताईचे पुढचे वाक्य, आणि ते तिने म्हटलेच. एका मुलाचे कदाचित काही होणार नाही, कुणाला कळणारही नाही. पण दहा लाख मुलांची सरासरी १०० वरून ९५ झाली असे धरा. सत्तरच्या खालची, म्हणजे शिकायला विशेष मदत लागणारी मुले आधी सुमारे तेवीस हजार असतील, ती अठ्ठेचाळीस हजार होतात. १३० च्या वरची तेवीस हजारांची दहा हजारांच्याही खाली येतात. घंटेच्या आकाराची ती आकृती जराशी डावीकडे सरकते, बस्स. एकाही घरात रडारड नाही, एकही रुग्णालय भरत नाही. असे नुकसान फक्त संख्याशास्त्राला दिसते, आणि म्हणूनच ते नाकारणे इतके सोपे असते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालाने भारतात रक्तातले शिसे ५ च्या वर असलेली मुले सुमारे साडेसत्तावीस कोटी असल्याचा अंदाज दिला. एवढे मोठे पाणी जिथे मुरते आहे, तिथे ते रंगातून, मसाल्यातून, भांड्यातून की जुन्या बॅटऱ्यांतून, हे थेंब थेंब शोधावे लागते. 'आमचा थेंब लहान' म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

रेषेची ही भांडणे मराठी माणसाला नवी नाहीत. थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे म्हणाले होते, माणसाची गरज रोज बदलते, शरीर जुळवून घेते, म्हणून सरासरी उष्मांकाच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी समजू नका, रेषा खाली घ्या. वि. म. दांडेकरांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्याशी जाहीर वाद घातला. दोघेही मोठे, दोघेही प्रामाणिक. पण आपण शिकायचे ते हे की कागदावरची रेषा बोटभर सरकली तर लाखो माणसे उपाशींच्या यादीतून पुसली जातात किंवा यादीत येतात. रेषा ओढणे हे नैतिक काम आहे. ते मुकाट्याने होता कामा नये.

मी सरळ रेषेचा अंध भक्त आहे असेही कुणी समजू नये. सगळे पदार्थ शिशासारखे नसतात. याच तेलंगणात नलगोंड्याचे उदाहरण आहे. पाण्यातले फ्लोराइड थोडे असेल तर दातांना चांगले, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेले की दात नि हाडे बिघडतात. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने ते काढण्यासाठी जी पद्धत बसवली तिला नाव नलगोंड्याचेच मिळाले. लोह, आयोडीन यांचेही तसेच, कमी नको आणि जास्तही नको. म्हणजे 'अल्प मात्रा चांगली' हे काही पदार्थांबाबत खरे आहे. पण ते प्रत्येकाचे वेगळे सिद्ध करावे लागते. फ्लोराइडची रेषा उचलून शिशावर चिकटवता येत नाही. आणि जिथे ठिपकेच नाहीत तिथे शंकेचा फायदा द्यायचाच असेल तर तो मुलाला द्या. आपण आजवर तो रंगाला देत आलो आहोत.

"म्हणजे काय, खेळणी बंद करायची? कारागिरांनी जायचं कुठं?" दाजींचा शेवटचा बाण. दाजी, उलट! कारागीर स्वतः त्या रंगाच्या वाफेत दिवसभर बसतो. त्याच्या घरात लाकूड घासले जाते आणि ती धूळ त्याच्याच मुलाच्या मुठीत जाते. रंगात काही असेल तर गिऱ्हाइकाच्या नातवाआधी ते त्याला लागणार. 'कारागिराला त्रास नको' म्हणून तपासणी वगळणे हा त्याच्यावरचा उपकार नव्हे, त्याला वाऱ्यावर सोडणे आहे.

उपाय अवघड नाहीत. रंगावर धरले की काही मिनिटांत शिसे दाखवणारी हातात मावणारी क्ष-किरण यंत्रे जगभर वापरात आहेत. असे यंत्र सरकारने निर्मलला न्यावे, सावंतवाडीला न्यावे, चन्नपट्टणला न्यावे. खर्च कारागिराकडून एक पैसाही नको. ज्या खात्याने जीआयचे प्रमाणपत्र दिले त्यानेच दरवर्षी येऊन मोजावे आणि आकडा दुकानाच्या भिंतीवर लावावा. ज्याच्या रंगात शिसे निघेल त्याला दंड करू नका, निर्धोक रंगाचे डबे द्या. मोटारीच्या रंगांनाही ९० चीच मर्यादा लावा, म्हणजे प्रश्न डब्यातच संपेल. मानांकन म्हणजे 'ही वस्तू निर्मलची' एवढेच न राहता 'ही वस्तू निर्मळ' असाही त्याचा अर्थ व्हावा. नावात आहेच ते!

बासरला जाऊन बुद्धी मागायची आणि परत येताना बुद्धीचे चार गुण कशात जातात हे विचारायचेही नाही, ही कसली सरस्वतीभक्ती? प्रश्न विचारणे हीच तिची पूजा, असे मला वाटते.

तो पोपट आज नांदेडच्या घरात कपाटावर, नातवाचा हात पोहोचणार नाही इतका उंच ठेवला आहे. ताईने ठेवला. दाजींनी परवा फोन केला आणि विचारले, "मेहुणे, ते तीनला भागायचं कुठून आलं हो? जरा मांडून दाखवा." मी मांडून दाखवले. पटले की नाही ते बोलले नाहीत. पण 'एवढ्याशानं काय होतंय' हे वाक्य त्या फोनवर एकदाही आले नाही.